आईंच्या ब्लाउजची कॉलर

“आईसाठी ब्लाउज शिवणार असशील, तर आधी तिच्या मानेकडे एकदा नीट बघ हं!” मोठ्या नणंदेने फोनवर बजावलं होतं.

सूनबाईने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. मानेकडे काय बघायचं? कापड मऊ असलं की झालं! आणि मऊ कापड ओळखण्यात सूनबाईचा हात धरणारं कोण होतं? बाळ झाल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू तिने गालाला लावून तपासली होती. दुपटी, टॉवेल, उशांचे अभ्रे, खिडकीचे पडदे. एकदा तर पायपुसणंसुद्धा! नवऱ्याने ते पाहिलं आणि बिचारा डबा विसरून कामावर निघून गेला.

ब्लाउज हवा होता सासूबाईंना. सासूबाई म्हणजे बसस्थानकाचा आवाज! गाडी कुठली, फलाट कुठला, किती उशीर, हे सगळं गाव त्यांच्या तोंडून ऐकायचं. त्यांनी “कृपया लक्ष द्यावे” म्हटलं की रडणारी पोरंसुद्धा क्षणभर लक्ष द्यायची. मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. उरली ती कागदावर कागद घासावा तशी खरखर. आणि गळ्यावर एक व्रण.

तेव्हापासून सासूबाईंनी उंबरठा ओलांडला नव्हता. भर उन्हाळ्यात गळ्याभोवती शाल गुंडाळून खिडकीत बसायच्या. त्या शालीकडे बघायचं नाही, असा घरात नियमच झाला होता. तो कुणी केला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळायचे मात्र सगळे. नवरा तर आईशी बोलताना छताकडे बघायचा. “आई, गोळी घेतलीस का?” असं तो इतक्या काळजीने विचारायचा, की पंख्यालाच बरं वाटत नसावं!

अशात बसस्थानकातून निरोप आला. बाईंचा निरोपसमारंभ ठेवलाय, अवश्य यावे.

“मी नाही जायची,” सासूबाई कुजबुजल्या. “शाल गुंडाळून व्यासपीठावर बसू? आणि तिथे माझं अडलंय कुणाचं? माझ्या जागी टेप लावली त्यांनी. बाई कुठे गेल्या, असं एका माणसाने तरी विचारलं का?”

 सूनबाईचा स्वभाव असा, की कुणाचं दुःख दिसलं की तोंडातून योजना बाहेर पडायची.

“आई, मी तुम्हाला कॉलरचा ब्लाउज शिवते! गळ्यापर्यंत बंद! असा मऊ, की अंगात आहे हेसुद्धा कळायचं नाही!”

सासूबाईंनी शालीचं टोक चाचपलं. मग म्हणाल्या, “तसा झाला तर येईन.”

झालं! सूनबाई बाळाला काखोटीला मारून कापडबाजारात शिरली. बाळाचं लाडाचं नाव ठकू, पण त्या दिवशी तिचा हुद्दा तपासणी अधिकाऱ्याचा होता. दुकानदाराने ठाण उलगडलं की सूनबाई आधी आपला गाल लावायची, मग ठकूचा.

“हे खरखरीत आहे.”

“अहो बाई, मलमल आहे ही!”

“असेल. हिला आवडली नाही. ते दाखवा.”

“हे घ्या, रेशमी आहे.”

“घाम शोषत नाही. ते वरचं?”

“ते कापड नाही हो, माझा सदरा वाळत घातलाय!”

सूनबाईने त्यालाही हात लावून पाहिला. मऊ होता.

असं करत करत बाजारातलं एकही दुकान सुटलं नाही. पुढच्या दुकानांत तर तिच्या आधी तिची कीर्ती पोहोचायची आणि नोकर चहा प्यायला पळायचे. शेवटी एका कोपऱ्यातल्या दुकानात फिक्या निळ्या रंगाचं सुती कापड निघालं. सायीसारखं! ठकूने त्यावर गाल टेकला, डोळे मिटले आणि कापडाचं टोक तोंडात घालून चोखायला लागली.

“पास!” सूनबाई ओरडली.

“आता पास काय आणि नापास काय,” दुकानदार म्हणाला. “भिजवलंत ना! फाडूनच देतो.”

कापड आलं, आता माप. मापासाठी सासूबाईंची शाल काढायला लागणार, गळ्याला हात लावायला लागणार. सूनबाई टेप घेऊन त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि “जेवायला काय करू?” विचारून परत आली. मग तिने युक्ती काढली. नवरा आईवरच गेलेला. नाक तेच, कपाळ तेच, मग गळाही तोच असणार! तिने त्याला खुर्चीत बसवला आणि त्याच्या गळ्याभोवती टेप आवळला. नेमकी त्याच वेळी मोठी नणंद दारात!

“अगं, काय केलं त्याने?”

“काही नाही वन्सं, आईंचं माप घेतेय.”

नणंदेने आधी भावाकडे पाहिलं, मग भावजयीकडे. “जिवंत माणूस आत बसलंय ना गं? तिचंच घे की!”

“त्यांना उगाच वाईट वाटेल,” सूनबाई म्हणाली.

त्यावर नणंदेनेही टेपचं दुसरं टोक धरलं. तीही मागे दोन दिवस राहून गेली होती आणि दोन्ही दिवस आईच्या गुडघ्यांशीच बोलली होती.

ब्लाउज शिवून झाला. अंग सुरेख बसलं, बाह्या सुरेख बसल्या, पण कॉलर उभी राहीना. इतकं मऊ कापड उभं राहणार कसं? उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी ती दोन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागली. व्रण झाकायचा तर कॉलर उभीच हवी! सूनबाईने मग आत बकरम घातलं, कॉलर ताठ ठेवणारं ते जाळीदार कडक कापड. तरी धीर होईना. म्हणून आणखी एक थर. आणि व्रण नक्की कुठे आहे ते पाहिलेलंच नव्हतं, म्हणून उंचीही चांगली बोटभर वाढवली. बाहेरून हात फिरवला. सायीसारखं! ठकूच्या गालाला लावलं. ठकू हसली.

सासूबाईंनी खोलीचं दार लावून ब्लाउज घातला.

“आई, आवडला का?” सूनबाईने बाहेरून विचारलं.

आतून जरा वेळाने उत्तर आलं. “खूप आवडला गं.”

सूनबाई तिथल्या तिथे गिरकी घेऊन नाचली. ठकूला तेवढ्यात उलटी झाली, ती गोष्ट वेगळी.

समारंभाला सासूबाई अशा ताठ बसल्या, की बघत राहावं! मान रेसभर हलत नव्हती. डावीकडे कुणी बोललं तर त्या खुर्चीसकट वळायच्या. तिकीट खिडकीवरच्या बाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या, “बघितलंस? पूर्वी हसून बोलायची. आता काय रुबाब!” सूनबाईला ते ऐकू आलं आणि तिला रागाऐवजी अभिमानच वाटला. कॉलर कुणाची होती!

आगारप्रमुखांनी भाषण केलं, पुष्पगुच्छ दिला आणि टाळ्यांच्या भरात म्हणाले, “बाई, आता शेवटची एक घोषणा होऊन जाऊ दे!”

सासूबाईंनी हाताने ‘नको, नको’ केलं. पण मंडळी ऐकतात कसली! त्यांना घोषणेच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलंच. माईक टेबलावर होता, बुटका. सासूबाई वाकल्या आणि झटका बसल्यासारख्या सरळ झाल्या. पुन्हा वाकल्या. पुन्हा सरळ.

“लाजतायत!” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मग सासूबाईंनी शांतपणे वरचं बटण काढलं. त्याच्या खालचं काढलं. दोन्ही हातांनी कॉलर बाहेर उलटी केली.

काचेच्या आतून सगळ्यांना दिसलं. सूनबाईला पहिल्यांदाच दिसलं. व्रण तिला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी लहान होता. पण त्याच्यावर आणि त्याच्या भोवती, जिथे कॉलरची आतली कड टेकत होती तिथे, कातडी सोलून लालभडक झाली होती. फिक्या निळ्या कापडाला आतून ओले डाग पडले होते.

हशा थांबला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” सासूबाई म्हणाल्या. ती खरखर सगळ्या भोंग्यांतून बाहेर पडली. “वरच्या गावाला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे.”

ही त्यांची रोजची घोषणा. तोंडात बसलेली. फक्त त्या घरी बसल्यापासून वेळापत्रक बदललं होतं आणि फलाट तीनवर आता गाड्या धुवायला लावत! बाहेर बसलेले प्रवासी बोचकी, पिशव्या, पोरं उचलून तिकडे धावले. अर्धी गाडी भरलीसुद्धा! साबणाच्या फेसातून चालक बादली घेऊन बाहेर आला.

“अहो उतरा! कुठे चढताय?” आगारप्रमुख धावत गेले.

“का उतरायचं?” खिडकीतून एक म्हातारे गरजले. “बाईंनी सांगितलंय!”

“त्यांचं चुकलं! टेपवर ऐका ना!”

“टेपला काय कळतंय! आवाज बसलाय त्यांचा, पण त्याच आहेत. मी इतके दिवस सगळ्यांना विचारतोय, बाई कुठे गेल्या म्हणून. तुमच्यापैकी एकाने सांगितलं नाही!”

काचेच्या खोलीत सासूबाईंनी ते ऐकलं. माईक चालूच राहिला होता. त्या रडत होत्या, पण भोंग्यांतून काहीच आलं नाही. त्यांच्या रडण्यालाही आता आवाज नव्हता.

परतीच्या गाडीत सूनबाईने त्यांच्या गळ्याला फुंकर घातली. हात लावायची तिला अजूनही भीती वाटत होती.

“आई, इतकं टोचत होतं तर बोलला का नाहीत?”

“तू आवडला का विचारलंस,” सासूबाई म्हणाल्या. “आवडला होताच गं. माझ्यासाठी एवढा बाजार कुणी पालथा घातला नव्हता.”

त्यावर सूनबाईने असा हंबरडा फोडला, की वाहकाने गाडी थांबवून कुणाचं काय चोरीला गेलं म्हणून विचारलं. शेवटी सासूबाईंनाच तिला थोपटावं लागलं.

आवाज काही परत आला नाही. येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. सासूबाई आता बिनकॉलरीचाच ब्लाउज घालतात आणि घरातले त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात. नवऱ्याला अजून सवय नाही, मधूनच पंखा आठवतो. संध्याकाळी त्या ठकूला घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात. त्यापुढे नाही.

तर सूनबाईची तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या बसस्थानकावर रोज ऐकू येणारा आवाज एक दिवस बदलला असेल, तर चौकशीच्या खिडकीशी जा आणि विचारा, आधीच्या बाई कुठे असतात? बऱ्या आहेत ना? आतून उत्तर आलं नाही तर घराचा पत्ता मागा आणि जाऊन या. गाडी चुकली तर चुकू दे.