तीन कंदिलांचा डोंगर

एक रकाना, बावीस वर्षांपूर्वीचा: ‘वसाहतीच्या नावाचा उगम’.

पाण्याच्या पेल्यात सासूबाईंची कवळी.

साडेचार फुटी दगड. त्यावर कोरलेलं: ‘डोंगरावरच्या गिरणीवाल्याने वाटसरूंसाठी’. पुढचं कोरायचं राहिलंय.

आणि एक डोंगर. तो कुठेच नाही.

“डोंगर कुठाय?” कॉलेजातून आलेल्या इतिहासाच्या बाईंनी नगरपालिकेच्या खिडकीबाहेर बोट दाखवत विचारलं. बाहेर ‘तीन कंदील’ हे उपनगर परातीसारखं सपाट पसरलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी तो रकाना कारकुनानेच भरला होता. रकाना रिकामा राहिला की फाइल वरून परत यायची, आणि परत आलेली फाइल पाहिली की त्याला जेवण जायचं नाही. म्हणून, नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला असताना, त्याने एका दमात एक डोंगर, एक गिरणीवाला आणि त्याने रोज संध्याकाळी टांगलेले तीन कंदील लिहून टाकले होते. तिथून ते शाळेच्या पुस्तिकेत गेले, बसथांब्यावरच्या फलकावर गेले, आणि आता वसाहतीच्या शंभरीनिमित्त चौकातल्या दगडावर निघाले होते.

“आधार दाखवा,” बाई म्हणाल्या. “नाहीतर नोंद बनावट आहे, असं मला लिहून द्यावं लागेल.”

“बनावट?” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “बनावट नोंद करणारा उद्यापासून घरी बसेल! अक्षर कुणाचं आहे?”

अक्षर कुणाचं आहे हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. अख्खी कचेरी आपापल्या टेबलावर काहीतरी शोधू लागली.

“जुन्या माणसांकडून ऐकलेलं आहे, साहेब,” कारकून बोलून गेला.

“कोण जुनी माणसं?”

“आमच्या... सासूबाई.”

“चला मग,” बाईंनी पर्स उचलली.

“मी पुढे होतो. घर जरा आवरून...”

“धावताय कशाला? गाडी आहे की,” साहेब म्हणाले.

घरी सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. पाहुणे बघून त्यांनी तोंडावर हात धरला आणि स्वयंपाकघराकडे खूण केली. कारकून कवळीचा पेला घेऊन आला आणि तो देता देता त्यांच्या कानाशी वाकला.

“डोंगर! गिरणीवाला! फक्त हो म्हणा!”

कवळी बसली. “मला शिकवू नका हो, जावईबापू,” सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट म्हणाल्या.

कारकुनाने घाईघाईने पेला खिडकीत ठेवला.

“आजी, इथे डोंगर होता?” बाईंनी वही उघडली.

“होता म्हणजे! तोच फोडून तर स्टेशनचा भराव घातला. नाहीतर एवढी माती आली कुठून?”

साहेबांनी मान डोलावली. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

“आणि ते कंदील?”

“मी पाहिलेत ना, सहा वर्षांची असताना. तिसऱ्याची काच तडकलेली होती. वारा सुटला की तोच आधी विझायचा.”

बाईंचं पेन थबकलं. “तडा? हे तर नोंदीत कुठेच नाही!” त्यांचा चेहरा उजळला. “गिरणीवाल्याचं नाव काय?”

“मोठ्या माणसांना नाव विचारायची सोय होती का तेव्हा?”

बाईंनी तेही लिहून घेतलं. निघताना त्या साहेबांना म्हणाल्या, “दगडावर तडकलेली काच आलीच पाहिजे.”

“येणारच!” साहेबांनी कारकुनाच्या पाठीवर थाप मारली. “आमचा माणूस हवेत लिहीत नाही.”

दार लागलं. कारकून जमिनीवरच बसला.

“सासूबाई, डोंगर खरंच होता?”

“दगडावर कोरलाय ना? मग आता असेल,” म्हणत त्यांनी कवळी काढून पेल्यात टाकली.

बावीस वर्षांपूर्वी कारकुनाने छताकडे बघत तो रकाना भरला तेव्हा, खिडकीपलीकडच्या बाकावर एक बाई तासभर बसून होत्या. त्यांना दाखला वगैरे काही नको होता, मुलीने पसंत केलेला मुलगा कामाला कसा आहे, तेवढं बघायचं होतं.