साळवेसरांची वंशावळ

साळवेसरांना तुम्ही नुसता नमस्कार केलात, तरी ते तुमच्या आजोबांचं नाव विचारतात. ते सांगितलंत की पणजोबांचं. बहुतेक माणसं तिथे अडकतात. मग सर खूश होऊन स्वतः सुरू होतात. पण ती नावं त्यांच्या घराण्याची नसतात, प्रभू येशूच्या घराण्याची असतात. अब्राहामाचा इसहाक, इसहाकाचा याकोब... आमच्या वारज्याच्या सोसायटीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचते तेव्हा ते जेमतेम दावीद राजापर्यंत आलेले असतात. उरलेल्या पिढ्या लिफ्टच्या दारात पाय अडकवून सांगतात.

सर शाळेत इतिहास शिकवायचे. आमची दारं समोरासमोर. एकदा मी सहज म्हटलं, "दाविदाचे वडील यशया ना?"

सरांनी कळ आल्यासारखे डोळे मिटले. "वहिनी, इशाय वेगळा, यशया वेगळा! इशाय दाविदाचे वडील. यशया संदेष्टा, कित्येक पिढ्या नंतरचा. इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल, असं यशया बोलला. बोलणारा एक, बुंधा दुसऱ्याचा!"

"पण बुंधाच का? झाड कुठे गेलं?"

एवढं विचारल्यावर माझी भाजी करपणारच होती. राजघराणं कसं छाटलं जाणार होतं, सिंहासन कसं जाणार होतं, आणि तरी त्याच बुंध्यातून मसीहा येणार हे यशया कसा सांगत होता, ते सर हात उंचावून सांगत राहिले. "म्हणून एवढी नावं! येशू दाविदाच्याच घरचा, याचा पुरावा आहे तो!"

आतून सरांच्या बायकोचा, सिंधूताईंचा आवाज आला, "अहो, दूध उतू जातंय. राजे नंतर."

मागच्या नाताळच्या आधीच्या रविवारी त्यांच्या मुलीला, रूथला बघायला वाघचौरे मंडळी आली. बघायला म्हणजे काय, रूथ आणि त्यांचा मुलगा एकाच ऑफिसात, दोघांचं ठरलेलंच होतं. फक्त मुलाच्या वडिलांचा होकार हवा होता. वाघचौरे नगरचे, चर्चचे पंच, बोलणं मोजकं. सिंधूताईंनी मला मदतीला बोलावलं होतं. रूथने सकाळीच बजावलं होतं, "पप्पा, आज वंशावळ नाही." सर बिचारे हो म्हणाले होते.

पण चहा होतो न होतो तोच वाघचौरे म्हणाले, "सर, वंशावळीचा तुमचा फार अभ्यास आहे म्हणे."

सरांनी रूथकडे पाहिलं. रूथने कपाळाला हात लावला. सर सुटले! परक्या देशातून आलेली, शेतात धान्य वेचणारी बायबलातली रूथ दाविदाची पणजी कशी झाली, तेही सांगून झालं. शेवटी ते येशूच्या आईच्या नवऱ्यापर्यंत, योसेफापर्यंत आले.

"छान," वाघचौरे म्हणाले. "आता या घरातली सांगा. रूथ तुमची नाही, असं आमच्या कानावर आलंय."

इतकी वर्षं समोर राहून मलाही हे ठाऊक नव्हतं. सिंधूताई ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या. रूथ खाली बघत होती. सरांनी चष्मा काढला.

"योसेफापर्यंत आलो ना आपण? येशू त्याच्या रक्ताचा नव्हता. तुम्ही तेच मानता, मीही तेच मानतो. मग ही सगळी नावं योसेफाच्या दारात का आणून सोडली?" "कारण त्याने बाळाचं नाव ठेवलं. हा माझा, म्हणाला. तेवढ्याने ते बाळ दाविदाच्या घरचं झालं, संदेष्ट्यांचा शब्द खरा ठरला. देवाला चाललं ते."

मग हळूच म्हणाले, "हिचे वडील हिच्या जन्माआधीच गेले. नंतर मी सिंधूशी लग्न केलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी नाव विचारलं. मी म्हणालो, रूथ. एवढीच माझी वंशावळ."

वाघचौऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"दर नाताळला वाचतो मी हे," ते म्हणाले. "पण योसेफापाशी कधी थांबलो नव्हतो." मग उठून त्यांनी सरांचा हात हातात घेतला. "लग्नाची तारीख तुम्हीच सांगा."

इतका वेळ फरशीकडे बघत बसलेला त्यांचा मुलगा एवढ्या जोरात "थँक्यू" म्हणाला, की सगळे हसले.

मंडळी गेल्यावर मी कप गोळा करत होते. सर गॅलरीत पाठमोरे उभे होते. रूथ त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"तुला मी आधी सांगायला हवं होतं," ते वळून न बघता म्हणाले. "रोज ठरवायचो. धीर व्हायचा नाही."

"मला दहावीतच कळलं होतं, पप्पा."

"दहावीत? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही होतातच की."

सर आता वळले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "म्हणजे त्या धक्क्यानेच तुला गणितात पस्तीस पडले!"

"छे," रूथ त्यांच्या खांद्यावर डोकं टेकत म्हणाली, "गणितात मी तुमच्यावर गेले."