वर गेलं की थांब

गेल्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यातला ट्यूबलाइट फुटला. तो प्रभाकर गिरडकर यांनी छत्रीने फोडला. कोणालाही इजा झाली नाही. सोसायटीचे अध्यक्ष बनियनवरच खाली आले आणि म्हणाले, "गिरडकर, छत्री डोक्यावर धराले असते गा."

गिरडकरांनी आधी छत्री तपासली, मग काचा पाहिल्या. "खांदा बरोबर वळला होता," ते म्हणाले. "छतच खाली आहे."

गिरडकर माझ्या समोरच्या दारात राहतात. वय पंचावन्न. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत सुपरवायझर आहेत. त्यांनी आयुष्यात गोल्फचा एकही चेंडू मारलेला नाही. पण जगातल्या मोठमोठ्या गोल्फपटूंचे स्विंग, म्हणजे काठी मागे नेऊन, फिरवून, चेंडूवर आणण्याची प्रत्येकाची स्वतःची तऱ्हा, त्यांना तोंडपाठ आहेत आणि ते कुठेही करून दाखवतात. हातात छत्री असेल तर छत्रीने, लाटणं असेल तर लाटण्याने.

याची सुरुवात पायाच्या फ्रॅक्चरपासून झाली. गिरडकर प्लास्टरमध्ये होते, पत्नी सुनंदाताई लहान मुलीला घेऊन पारशिवनीला माहेरी गेल्या होत्या आणि टीव्हीचा रिमोट दिवाणामागे पडला होता. टीव्हीवर गोल्फ लागलेलं होतं. ते बदलायला कोणी नव्हतं. सुनंदाताई परत आल्या, तोवर नवरा हातातून गेला होता.

परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. म्हणून त्यांनी खेळाडूंना आपली नावं दिली आहेत. एकाची काठी लोण्यातून सुरी जावी तशी फिरते, तो लोणीवाला. दुसरा मुळासकट उपटायला निघाल्यासारखा मारतो, तो लाकूडतोड्या. त्यांचा सगळ्यात लाडका कारकून. हा काठी वर नेतो आणि खाली आणण्याआधी क्षणभर थांबतो. फाइलवर सही करावी की साहेबांकडे पाठवावी, असा. "त्या थांबण्यातच सारं आहे," गिरडकर सांगत. "वर गेलं की थांब. मंग चेंडू जाईन कुठं?"

"वर गेलं की थांब" हे वाक्य त्यांनी दुधालाही ऐकवलं आहे.

एकदा आम्ही दोघं कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात गेलो होतो. एक हमाल कांद्याची पोती ट्रकमध्ये फेकत होता. गिरडकर जागीच उभे राहिले. "पाहा, पाहा! लाकूडतोड्या! कंबर आधी, हात मागून. शाब्बास!"

हमालाने घाम पुसला. "काका, पोतं घ्याचं आहे का?"

"नाही गा. चालू दे तुझं."

"मंग बाजूले व्हा."

माणूस मात्र मुळात काळजीचा. घराला कुलूप लावून खाली उतरतात, पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून पाहतात. इतक्या काळजीच्या माणसाला थांबणारा खेळाडू आवडावा, यात नवल नाही. अडचण मुलीपासून सुरू झाली.

सायली त्यांची एकुलती एक. ती नऊ वर्षांची असताना गिरणीच्या एका साहेबांनी गोल्फच्या जुन्या काठ्या टाकायला काढल्या. गिरडकरांनी त्या आणल्या आणि मुलीच्या उंचीला कापून घेतल्या. सायली इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये मारू लागली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तरी चेंडू सरळ जायचा. पुढे ती बुटीबोरीच्या रस्त्यावरच्या सरावाच्या मैदानावर जाऊ लागली, जिल्ह्यात जिंकली, आणि गेल्या वर्षी गिरडकरांना वाटलं की आता तिचा स्विंग नीट केला पाहिजे.

एका महिन्यात तिला लोणीवाला शिकवला. पुढच्या महिन्यात लाकूडतोड्याची कंबर घेतली. मग एका डावखुऱ्याची पकड, आरशात पाहून उलटी करून. जेवताना ताटात चमच्याने कोन दाखवले जात. "पोरीले जेवू द्या," सुनंदाताई म्हणत. "ते चमचे वरणासाठी आहेत." दिवाळीनंतर कारकुनाची पाळी आली. वर गेलं की थांब. सायली थांबायला शिकली. फार छान शिकली.

डिसेंबरमध्ये एका सकाळी सरावाच्या मैदानावर तिने काठी वर नेली, थांबली, आणि तशीच राहिली. गिरडकरांना आधी कौतुक वाटलं. मग काठी वरच धरून तिने त्यांच्याकडे मान वळवली.

"बाबा, खाली येऊन नाही राहिली."

"काय येऊन नाही राहिली?"

"काठी."

त्या दिवसापासून तेच होऊ लागलं. कधी तिसऱ्या फटक्याला, कधी पहिल्याच. काठी वर जायची आणि अडकायची. शेवटी ती जोर लावून खाली ओढायची आणि चेंडू कुठेही जायचा. डॉक्टरांनी खांदा तपासला. खांदा ठीक होता. फेब्रुवारीत राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड चाचणी होती, आणि वयाच्या अटीमुळे सतरा वर्षांच्या सायलीची ती शेवटची होती.

जिना शांत झाला. गिरडकर छत्री बगलेत धरून चालू लागले. गोल्फच्या चॅनेलचे पैसे त्यांनी बंद केले. एका संध्याकाळी दार उघडं होतं आणि सुनंदाताईंचा आवाज बाहेरपर्यंत आला. "बोलवा ना आता त्या कारकुनाले. त्यानंच वर चढवली, त्यालेच म्हणा खाली उतरव." थोड्या वेळाने गिरडकर माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "भाऊ, तिचं चांगलं चालू होतं. मी काहून हात लावला?" चहा घेतला नाही.

चाचणीच्या दिवशी गिरडकरांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि गाडी मी चालवली. सायली पुढे बसली होती. मागून गिरडकर बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते. पाणी पीत नव्हते.

मैदानावर पहिल्या फटक्याच्या जागी पंच, तीन-चार मुली आणि त्यांचे पालक उभे होते. सायलीचं नाव पुकारलं. गिरडकर आमच्यातून निघून पाण्याच्या टँकरमागे गेले. मी त्यांच्यामागे गेलो. "तुम्ही पाहा, भाऊ," ते टँकरकडे तोंड करून म्हणाले. "मी पाहिलं की तिले वाटते मी काही सांगून राहिलो."

मी टँकरच्या कडेने पाहिलं. सायलीने काठी वर नेली. ती थांबली. पंच खोकले. एका पालकाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं. सायलीने काठी उतरवली, पंचांना हात दाखवला आणि चालत टँकरमागे आली.

"बाबा, मी लहानपणी कशी मारत होती?"

गिरडकर वळले. "कधी?"

"मागच्या प्लॉटात. तुम्ही शिकवाच्या आधी. मले आठवत नाही."

पंचांनी आवाज दिला, "बेटा, टाइम जा रहा है."

गिरडकरांनी तिच्या हातातली काठी घेतली आणि टँकरमागून बाहेर, सगळ्यांसमोर आले. इस्त्रीची पँट, शर्ट आत खोचलेला. त्यांनी पाय फार जवळ घेतले. जिभेचं टोक ओठांतून बाहेर काढलं. डावी टाच उचलली, काठी वाकडी वर नेली, वर एक छोटा वेढा दिला, आणि न थांबता घमेल्यातलं पाणी फेकावं तशी पुढे फेकली. फेकून झाल्यावर एका पायावर एक उडी मारली.

दोन मुली हसल्या. एक बाई म्हणाल्या, "हे कोण?"

"ही उडी?" सायलीने विचारलं.

"दर खेपेला," गिरडकर म्हणाले. "चेंडू कुठं गेला ते पाहाले. समोरचं गवत तुझ्याहून उंच होतं." त्यांनी काठी परत दिली आणि टँकरला धरून हळूच खाली बसले.

सायली परत गेली. डावी टाच उचलली गेली. काठीने वर वेढा घेतला आणि ती खाली आली. चेंडू उजवीकडच्या बाभळीत गेला. उडी तिने मारली नाही.

अठरा होलांचा सगळा डाव पूर्ण झाला. काठी एकदाही अडकली नाही. संध्याकाळी यादी लागली. संघात सायली गिरडकर हे नाव नव्हतं. राखीव खेळाडूंत दुसरं होतं.

परतताना गिरडकर मागच्या सीटवर आडवे होते. नऊ वर्षांच्या मुलीचा स्विंग त्यांच्या कमरेला झेपला नव्हता. खापरीच्या अलीकडे सायलीने मागे वळून पाहिलं.

"काका, गाडी हळू घ्या," ती म्हणाली. "बाबा झोपले."

मी वेग चाळीसवर आणला.