घरचे जंतू

सासूबाईंचा घसा तिसऱ्यांदा बसला, तेव्हा गुळण्या करता करता त्यांनी निकाल देऊन टाकला.

"हे तुझ्या लॅबमधलं आहे. तूच घेऊन येतेस."

सूनबाईने वाद घातला नाही. वाद घालायला अंगात त्राण लागते, आणि तिचे पीएचडीच्या साडेचार वर्षांत संपले होते. घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंवरच तिचे संशोधन होते, हे खरे. पण लॅबमधून निघताना ती कोट तिथेच काढायची, दोनदा हात धुवायची. हे सासूबाईंना सांगून झाले होते. नवऱ्यालाही, त्याचा घसा मागच्या महिन्यात धरला होता.

तिच्या जंतूंकडे रक्तपेशी फोडणारे एक विष असते. रक्त घातलेल्या प्लेटवर त्यांचा ठिपका वाढला की भोवती स्वच्छ कडे पडते, ते या विषाचे काम. विष बनवणारा जीन काढून टाकायचा आणि मग जंतू किती त्रास देतो ते पाहायचे, एवढाच तिचा प्रबंध. जीन काढायचे हत्यारही तिने स्वतः बनवले होते. डीएनएचे एक इवलेसे वर्तुळ, जंतूच्या पोटात शिरून नेमका तेवढा जीन बाहेर काढणारे. सांगायला दोन वाक्ये पुरतात, करायला उमेदीची वर्षे गेली.

दर सोमवारी ती प्लेट पाहायची. नव्वद ठिपके गुणी निघायचे आणि पाच-सहांभोवती ठसठशीत कडी असायची. म्हणजे काही जंतूंत जीन अजून ठाण मांडून. मग ती नवी प्लेट उघडायची, तिच्यावर ओणवी होऊन स्वतःच्या नशिबाला दोन शब्द सुनावायची, एक लांबलचक सुस्कारा सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

गाईड मॅडमनी शेवटची मुदत दिली होती. महिनाअखेर कड्यांशिवाय प्लेट दाखवली नाही, तर नोंदणी रद्द.

त्याच आठवड्यात तिचाही आवाज गेला. कामावर जायचेच असेल तर तोंडाला मास्क लावा आणि अक्षरही बोलू नका, असे डॉक्टरांनी बजावले. तिने मुकाट्याने प्लेटा केल्या. सोमवारी पाहिले, तर एकाही ठिपक्याला कडे नव्हते. तिने तीनदा मोजले. आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसतीच धडकी भरली.

मॅडमनी ती प्लेट पाहिली, तिच्या तोंडावरचा मास्क पाहिला, आणि जुन्या प्लेटांवरचे कड्यांचे जंतू तपासायला पाठवले, आणि जाता जाता तिच्या घशातला नमुनाही. दोन दिवसांनी बोलावणे आले.

"ते जंतू आपले नाहीतच. तुझ्या घशातले आहेत. जीन दोन वर्षांपूर्वीच निघाला होता. तू आधी एकदाही तपासलं नाहीस?"

"वाटलं, आपलेच असणार."

मॅडमनाही तसेच वाटले होते, त्यामुळे त्यांनी तो विषय तिथेच सोडला. प्रबंध वाचला. सूनबाईला आता रडू येणार, तेवढ्यात मॅडम डोळे बारीक करून त्या प्लेटकडे पाहू लागल्या.

"पण तुझ्या घशातला हा भारी आहे गं. एवढा जोरदार आपल्याकडे नव्हता. एक प्रकरण वाढवू. याचाही जीन काढ. मुदतवाढीचं मी बघते, वर्षभरात होईल."

घरी येऊन तिने कबुलीजबाब दिला. बोलणी खायची तिची तयारी होती.

"आई, लॅबमधलं घरी काहीच येत नव्हतं. आपल्या घरातलेच जंतू मी लॅबमध्ये नेत होते. आणि मॅडम म्हणतात, इतके जोरदार त्यांनी पाहिले नाहीत."

सासूबाईंनी गुळण्यांचा पेला खाली ठेवला. त्यांची मान किंचित ताठ झाली.

"असणारच. आपल्या घरातले आहेत. त्यांना नाव काय देणार?"

"नाव नाही हो, नंबर देतात."

"नंबर कशाला? आडनाव लाव. आणि सासरचं लाव, माहेरचं नको."

सूनबाईने सुस्कारा सोडला. सासूबाईंनी चटकन पेला हाताने झाकला.