एका डिस्कवर भागतंय

मंगळवारी सकाळी आनंदरावांनी नेहमीप्रमाणे अंघोळ केली, देवापुढे उदबत्ती लावली, मल्हारगंजातून आणलेले पोहे मुलाच्या ताटलीत काढून त्यांवर शेव भुरभुरली, आणि कंप्यूटर सुरू केला. मिलच्या टाइम ऑफिसात हयातभर हजेरी घेतलेल्या माणसाला मिल बंद झाल्यापासून हजेरी घेण्याजोगे एवढेच उरले होते.

स्नेहलतागंजातल्या त्या घराचे पोट आता या कंप्यूटरवरच होते. मुलगा जयेश त्यावर छपाईसाठी लग्नपत्रिका जुळवी. गिऱ्हाइकांचे सारे काम पेटीतल्या दोन हार्ड डिस्कांवर एकाच वेळी, जसेच्या तसे लिहिले जाई. एक गेली तरी दुसरी असावी, अशी ती सोय. आनंदरावांना ती लगेच पटली होती. मिलमध्येही कायम कामगार आला नाही, की फाटकाशी ताटकळणाऱ्या बदलीला आत घेत. इथला बदली तर रोज आत बसून काम शिकत होता. मिलच्या मानाने ही प्रगतीच.

त्या सकाळी पडद्यावर लाल अक्षरे उमटली: एक डिस्क निकामी झाली आहे. पाठोपाठ कंप्यूटर सुरळीत सुरू झाला, आणि खरी अडचण तिथेच उभी राहिली.

डिस्क अजून वॉरंटीत होती. राजवाड्याजवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शरच्चंद्र नावाचा एक अत्यंत सभ्य तरुण तक्रारी घेत असे.

"काका, कंप्यूटर चालतोय ना?"

"चालतोय. पण एकाच डिस्कवर."

"मग कंप्लेंट कायकी लिहू? सिस्टिममध्ये 'चालत नाही' एवढाच खाना आहे."

"दुसरीही गेली तर पोराचं सगळं काम जाईल, भाऊ."

"तेव्हा या ना. तेव्हा तुमची कंप्लेंट एकदम पक्की होईल," शरच्चंद्र म्हणाला, आणि ग्राहकाचे समाधान झाल्याच्या कागदावर त्याने त्यांची सही घेतली.

घरी जयेशने प्रश्नाचा व्यापक विचार केला. उदारीकरणावरचे लेख तो नियमित वाचत असे. एकीवर भागत असेल, तर दुसरी जागा मुळातच अतिरिक्त होती, असे त्याचे मत पडले. सून शशिकलाने दुजोरा दिला. तिच्या ऑफिसातले तिघे स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले होते, त्यांची टेबले ती एकटी सांभाळत होती, आणि त्याबद्दल साहेबांनी तिचा शाल देऊन सत्कारही केला होता.

हळूहळू उरलेल्या डिस्कची कीर्ती गल्लीत पसरली. शेजारचे जयसिंगराव तिला पाहून गेले. एकटीने निभावते हे सिद्ध झाल्यामुळे जयेशने जादा कामे घेतली, आणि डिस्क करकरू लागली.

"बाबा, खराब नाही झाली ती. फुल कॅपॅसिटीने चालतेय बस," जयेश म्हणाला.

आनंदरावांना तो आवाज ओळखीचा होता. मिलच्या अखेरच्या दिवसांत निम्म्या माणसांवर चालवलेले विणकामाचे साचे असेच करकरत, आणि साहेब त्याला उत्पादकता म्हणत.

रविवारी मुलगा-सून एका लग्नाला गेली. पोट बिघडल्याचे सांगून आनंदराव मागे राहिले. स्वतःच विकत आणून गव्हाच्या डब्यामागे ठेवलेली नवी डिस्क त्यांनी काढली, पेटी उघडली आणि निकामी डिस्कच्या जागी ती बसवली. पडद्याने विचारले: कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर उतरवायचे? उत्तर उलटे पडले असते, तर कोऱ्या डिस्कने भरलेलीलाही कोरे केले असते. कामगारांचे बिल्ले पडताळावेत तसे आनंदरावांनी दोन्ही डिस्कांवरचे नंबर पुन्हा पुन्हा पडताळले, घाम पुसला आणि कळ दाबली. मंडळी परतेपर्यंत नवा बदली सारे काम शिकून तयार होता.

त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. सांगितले असते, तर ती जागा पुन्हा अतिरिक्त ठरली असती. सकाळची लाल अक्षरे तेच एकटे वाचत, त्यामुळे ती नाहीशी झाल्याचेही कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे करकरणारी डिस्क गेली, तेव्हा तीही त्यांनी अशीच गुपचूप बदलली.

जयेश आजही येणाऱ्याजाणाऱ्याला त्या एकट्या, अथक डिस्कचा दाखला देतो. आपल्या घरी किंवा कचेरीतही एकावर छान भागते, असा ज्या वाचकांचा अनुभव असेल, त्यांनी आपल्या पाठीमागे पेटी कोण उघडते याची चौकशी करू नये. भागायचे थांबेल.