मंगळवारपर्यंत सगळं बरं

"काय आरोंदेकर, घरी सगळं बरं?" असं विचारलं की कुणीही "हो हो" म्हणून मोकळा होतो. आरोंदेकर खिशातलं पत्र काढून तारीख बघायचे आणि म्हणायचे, "मागच्या मंगळवारपर्यंत बरं होतं. आत्ताचं कसं सांगू?"

हे आमच्या सिल्वासाच्या शाळेतले भौतिकशास्त्राचे मास्तर. मूळचे कोकणातले, माझे खोलीसोबती. खानवेलच्या शाळेतून त्यांना इकडे घ्या म्हणून हेडमास्तरांकडे रदबदली मीच केली होती, त्यामुळे त्यांच्या तासाला काही बिनसलं तर जाब मलाच द्यावा लागणार होता. नोकरी हंगामी, परीक्षा तोंडावर, आणि हे गृहस्थ महिनाभर प्रकाशाच्या वेगावरच अडलेले. "तारा दिसतो खरा. पण तो आत्ता आहे का? आधी हे ठरवू!"

"अहो, गणितं सोडवून घ्या हो," मी काकुळतीला यायचो.

"देसाई, 'आत्ता' कशाला म्हणायचं तेच ठरलं नाही, तर घड्याळं कशी जुळवणार?"

शेवटी व्हायचं तेच झालं. शिपाई धावत आला, "साहेब आवी गया!" तपासणीचे साहेब थेट आरोंदेकरांच्या वर्गात शिरले. मी खडू मागायचं निमित्त करून दाराशी उभा. फळ्यावर एक तारा, बाकी सगळा कोरा.

"हे तत्त्वज्ञान झालं," साहेब कडाडले. "भौतिकशास्त्र मोजतं!"

"मोजतं ना. पण काय मोजायचं, ते आधी कुणीतरी विचारावं लागतं, साहेब."

संपलं, म्हटलं, गेली नोकरी! साहेबांनी शेरा लिहायला पेन उघडलं. "असल्या प्रश्नांवाचून कुणाचं काय अडतं?"

"माझं अडलंय," आरोंदेकर हळू आवाजात म्हणाले. "खानवेलला होतो तेव्हाची गोष्ट. पावसानं रस्ते बंद, टपाल वापीलाच अडकलं. मुलगी गेल्याचं पत्र मला आठव्या दिवशी मिळालं. त्या आठ दिवसांत मी बाजारातून तिच्यासाठी बांगड्या आणल्या, साहेब. आणल्या तेव्हा माझ्या लेखी ती होती. तारखा मोजल्या तर नव्हती. मग मी त्या कुणासाठी घेतल्या?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि मुलांशेजारी बाकावर बसले. "शिकवा," एवढंच म्हणाले.

नोकरी राहिली. पण वर्षभर एका खोलीत जेवलो, झोपलो, आणि तुम्हांला मुलंबाळं किती, एवढंसुद्धा मी त्यांना विचारलं नव्हतं. त्याची लाज अजून जात नाही.