झेलुआ आणि शेल्वा

चुकीचा उच्चार कानावर पडला, की रेडिओ केंद्रावरच्या निवेदिकेला जेवण गोड लागत नसे. त्या दुपारी ती घरी जेवत होती आणि रेडिओवर तिचा सहकारी सांगत होता, की ‘झेलुआ’ वादळ उद्या सकाळी किनाऱ्यावर धडकेल.

समोर बसलेली धाकटी जाऊ खुदकन हसली. ती समुद्रापलीकडच्या देशातली, लग्न होऊन इथे आलेली. वादळांना नावं देण्याची पाळी या खेपेला तिच्या देशाची होती.

“जाऊबाई, ते लिहितात तसं, पण म्हणायचं शेल्वा. पहाटे उमलणारं एवढंसं फूल असतं ते.”

निवेदिका हरखून गेली. एरवी एकमेकांशी धड न बोलणारे देश आधीच बसून नावं ठरवतात. छोटी, सोपी, कुणाला न दुखावणारी. का, तर सगळ्यांना कळावं, की आपण एकाच वादळाबद्दल बोलतोय. त्यातून संहारालाही फुलाचं नाव द्यायचं, म्हणजे केवढं मन! अशा नावाची हेळसांड तिच्याच्याने होणार नव्हती. जावेकडून तिने ते पुन्हा पुन्हा घोटून घेतलं आणि संध्याकाळच्या बातम्यांत असं काही म्हटलं, की ऐकत राहावं.

ऐकणाऱ्यांनी एवढाच अर्थ घेतला, की झेलुआच्या पाठोपाठ आता शेल्वाही येतंय.

बाजारातल्या मेणबत्त्या संपल्या. मच्छीमारांनी होड्या आणखी वर ओढून दुहेरी दोर बांधले. केंद्रावर फोन खणखणू लागले, तेव्हा कुठे संपादकांच्या लक्षात घोटाळा आला. त्यांनी निवेदिकेला फैलावर घेतलं आणि दुरुस्ती वाचायला बसवलं. तिने तोंड उघडलं आणि वाऱ्याने वीज गेली. प्रक्षेपण बंद.

सकाळी वादळ आलं. झाडं पडली, पत्रे उडाले, आणि मग एकाएकी सगळं शांत झालं. ऊनही पडलं. निवेदिकेने ओळखलं. हा वादळाचा मध्य होता. उरलेलं अर्धं उलट्या दिशेने येणार होतं. अशा वेळीच लोक संपलं समजून बाहेर पडतात आणि सापडतात. आणि सांगायला रेडिओ नव्हता.

ती केंद्राच्या खिडकीकडे धावली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या घरातल्या आजोबांनी दार किलकिलं केलं, तोच आतून आजींचा आवाज आला, “कुठे निघालात? झेलुआ गेलं. शेल्वा यायचंय अजून.”

दार बंद झालं. थोड्याच वेळात उलटा वारा सुटला आणि त्याच रस्त्यावरून एक अख्खं छप्पर गडगडत गेलं.

गावात कुणाला साधं खरचटलंही नाही. वीज आल्यावर पहिला फोन मच्छीमारांच्या म्होरक्याचा. दोन्ही वादळं सांगितल्याप्रमाणे आली, असं तो भारावून म्हणाला. दुसरं जरा जास्त तापट होतं, पण नाव काय गोड.

संपादकांनी सावकाश फोन ठेवला.

“दुरुस्ती वाचू का आता?” निवेदिकेने खाली मान घालून विचारलं.

“कुठल्या वादळाची?” संपादक म्हणाले.